पाठीवरचा तंबू कसा निवडायचा? परिक्रमेला, लांबच्या ट्रेकला निघण्याआधी हे वाचा

कार्तिकी एकादशी उरकली की पायी नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांची गावोगावी लगबग सुरू होते. त्याच सुमारास पावसाळा ओसरतो आणि सह्याद्रीतले किल्ले, घाटवाटा चालायला मोकळ्या होतात. गेल्या काही वर्षांत या दोन्ही वाटांवर एक नवी वस्तू दिसू लागली आहे, ती म्हणजे पाठीवरच्या बॅगेला बांधलेला तंबू. मोबाइलवर दीड-दोन हजारांत तंबू दिसतो, फोटोत झकास वाटतो, लगेच मागवला जातो. पण चालायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो खांद्याला काचायला लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी साचतं. मग कुठल्यातरी आश्रमात नाहीतर वाटेतल्या घरी तो सोडून दिला जातो. पैसे तर जातातच, पण उघड्यावर भिजून थंडीत काढलेली एक रात्र माणसाला आजारी पाडायला पुरेशी असते. म्हणून तंबू घेण्याआधी थोडा हिशेब करायला हवा.

आधी ठरवा : तंबू लागणार आहे का?

आषाढी वारीत दिंडीबरोबर जाणाऱ्याला हलक्या तंबूची गरज नाही. दिंडीचं सामान ट्रकमध्ये असतं, राहुट्याही त्यातच. तिथे कापड जाड आणि दणकट असलेलं बरं. वजनाचा प्रश्न येतो तो सगळं सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन चालणाऱ्याला.

नर्मदा नदीची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही काठ धरले तर परिक्रमा २६०० किलोमीटरच्या पुढेच जाते. पण या वाटेवर आश्रम, धर्मशाळा, मंदिरं आणि लोकांची घरं परिक्रमावासीयांसाठी उघडी असतात. बहुतेक रात्री डोक्यावर छप्पर मिळतं. तंबू लागतो तो एखाद्या वेळी, मुक्काम चुकला किंवा गर्दी झाली तर. अशा माणसाने अगदी हलकी, लहान वस्तू घ्यावी.

सह्याद्रीत चार-सहा दिवसांची डोंगरयात्रा करणाऱ्याचं वेगळं. गडावरची गुहा, देऊळ, गावातली पडवी मिळते, पण शनिवार-रविवारी तिथे आधीच माणसं असतात. तिथे तंबू उपयोगी पडतो. हिमालयात वरच्या भागात तर तंबूशिवाय चालत नाही, आणि तिथला वारा, बर्फ झेलणारा तंबू आणखी वेगळा असतो. तो इथल्या हिशेबाने घेऊ नये.

वजनाचा हिशेब

लांब चालणाऱ्याने पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं घेऊ नये, असा साधारण नियम आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाने १२ किलो. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथेच गेले. शिधा, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडं, बॅटरी धरली तर तंबूसाठी उरतो जेमतेम एक-सव्वा किलो. स्वस्तातला दोन माणसांचा तंबू दोन ते तीन किलो भरतो. दिवसाला २० किलोमीटर चालायचं म्हटलं तर पावलं पडतात २८ हजारांच्या आसपास. वरचा दीड किलो प्रत्येक पावलाला गुडघ्यावर येतो. उतारावर तर तो जास्तच जाणवतो.

हलकं चालण्याचा विचार जगभर पसरला तो मुख्यतः अमेरिकेतल्या लांब पायवाटांवरून. तिथे हजारो किलोमीटरच्या वाटा लोक एका दमात, चार-पाच महिन्यांत चालतात. अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सामान साडेचार किलोच्या आत असेल तर त्याला तिकडे 'अल्ट्रालाइट' म्हणतात. याची एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओहायो राज्यातल्या एम्मा गेटवूड या शेतकरी कुटुंबातल्या, ११ लेकरांच्या आईने १९५५ साली वयाच्या ६७ व्या वर्षी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकटीने पूर्ण केली. तिच्याकडे तंबू नव्हताच. घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढ्यावर ती चालली. त्या वाटेवर मुक्कामाला लाकडी निवारे होते, हेही खरं. म्हणजे वाटेवर काय मिळणार आहे ते ओळखून सामान कमी केलं की वजन आपोआप उतरतं.

तीन प्रकार

पहिला प्रकार घुमटासारखा, म्हणजे डोम. दोन वाकणाऱ्या काड्या एकमेकींवरून जातात आणि तंबू स्वतःच्या पायावर उभा राहतो. खुंटी न मारताही उभा राहत असल्याने कातळावर, सिमेंटच्या ओट्यावर चालतो. काड्यांमुळे वजन मात्र वाढतं. फायबरच्या काड्या स्वस्त, पण जड, आणि पिचल्या की त्यांच्या कुसळी हातात घुसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या हलक्या आणि टिकाऊ. झटक्यात उघडणारे 'ऑटोमॅटिक' तंबू गाडीने जाणाऱ्यांसाठी ठीक आहेत, पाठीवर नेण्यासाठी नाहीत.

दुसरा प्रकार काठीवर उभा राहणारा. यात वेगळ्या काड्या नसतात. चालताना हातात असलेल्या एक-दोन काठ्याच खांब होतात आणि बाकी ताण खुंट्या व दोऱ्या धरतात. एक किलोच्या आत बसणारे बहुतेक तंबू याच जातीचे. परिक्रमावासीयांच्या हातात दंड असतोच, ट्रेकला जाणाऱ्यांकडे काठी असते. बांबूची काठी चालते, फक्त तिची उंची तंबूला लागते तेवढी हवी. बहुतेक तंबूंना सव्वा मीटरच्या आसपास लागते. टोकाला कापडाची गुंडाळी बांधली की तंबू फाटत नाही. अडचण एकच, खुंटी न रुतणाऱ्या जागी हा तंबू उभा करायला खटपट पडते.

तिसरा प्रकार म्हणजे नुसतं छप्पर आणि खाली मच्छरदाणी. आपल्या ताडपत्रीचाच हा हलका भाऊ. सगळ्यात स्वस्त आणि हलका, पण गाठी मारायची आणि वाऱ्याची दिशा ओळखायची सवय हवी.

कापड ओळखायचं कसं?

ताडपत्री घेताना शेतकरी जीएसएम विचारतो, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं. तेच गणित इथे लावावं. १० बाय ८ फुटांची ताडपत्री साधारण साडेसात चौरस मीटर होते. २५० जीएसएमची असेल तर ती १ किलो ८५० ग्रॅम भरते, ९० जीएसएमची असेल तर ६७० ग्रॅम. तेवढ्याच मापाचं सिलिकॉन लावलेलं तंबूचं कापड ४५ जीएसएमच्या आसपास असतं, म्हणजे ३३५ ग्रॅम. हलक्या तंबूचे पैसे याच फरकाचे लागतात.

कापडावर 'डेनिअर' असा आकडा असतो. ९ किलोमीटर धागा जितके ग्रॅम भरतो तो त्याचा डेनिअर. २० डेनिअर म्हणजे बारीक धागा, ७० म्हणजे जाड. '१९० टी' असं लिहिलेलं असेल तर ती विणीतल्या धाग्यांची मोजणी आहे. त्याचा पाणी अडवण्याशी थेट संबंध नाही. 'रिपस्टॉप' म्हणजे कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्याची चौकट विणलेली असते, त्यामुळे एका जागी फाटलं तरी फाटत पुढे जात नाही. हलक्या कापडाला ती हवीच.

नायलॉन मजबूत, पण पाणी पिऊन सैल पडतं. रात्री पाऊस आला की तंबू लोंबतो आणि उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर त्या मानाने कमी ताणतं आणि उन्हालाही जास्त टिकतं. आपल्याकडच्या पावसाला आणि उन्हाला सिलिकॉनचं पॉलिस्टर चांगलं. डायनिमा नावाचं आणखी एक कापड आहे. ते पाणी पीत नाही, ताणत नाही, त्याचा अख्खा तंबू अर्धा-पाऊण किलोत बसतो. पण किंमत ५० हजारांच्या पुढे आणि मागवायचा परदेशातून, म्हणजे कस्टम ड्युटी वेगळी. काट्याकुट्यात घासला तर तेही झिजतं. वर्षातून एकदा चालणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नये

प्रत्येक तंबूवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं. खरी माहिती मिलिमीटरच्या आकड्यात असते. कापडावर नळी उभी करून पाणी भरत जातात. किती उंचीचं पाणी झाल्यावर कापडातून थेंब झिरपले, तो हा आकडा. छताला १५०० मिलिमीटरच्या खाली घेऊ नये. तळाला ३००० असेल तर उत्तम, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की कापडावर दाब येतो आणि पाणी वर येतं. आकडाच दिलेला नसेल तर तो तंबू सोडून द्यावा.

कापड चांगलं असूनही पाणी येतं ते शिवणीतून. सुईची भोकं आतून पारदर्शक पट्टी चिकटवून बंद केलेली असतात. तंबू उलटा करून ती पट्टी सलग आहे का ते पाहावं. सिलिकॉनच्या कापडाला पट्टी चिकटत नाही, तिथे शिवणीला सिलिकॉन सीलंट लावावं लागतं. काही कंपन्या लावून देतात, काही देत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातलं शुद्ध सिलिकॉन सीलंट चालतं. ब्रशने पातळ थर द्यायचा आणि दिवसभर वाळू द्यायचं.

स्वस्तातल्या डोमवर वरचं छप्पर बऱ्याचदा टोपीएवढंच असतं. सह्याद्रीतला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यापुढे ही टोपी टिकत नाही. छप्पर चारी बाजूंनी जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली आलेलं हवं. आणखी एक पाहावं. काही तंबूंना आधी आतली जाळी उभी करावी लागते आणि मग छप्पर. पावसात तोवर आतला भाग भिजून जातो. आधी छप्पर उभं राहणारा तंबू पावसाळी भागाला बरा.

आतून येणारं पाणी

सकाळी तंबू आतून ओला दिसला की तंबू गळतो असं वाटतं. प्रत्येक वेळी तसं नसतं. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. थंड छताला लागलं की त्याचे थेंब होतात, जसे काचेवर होतात. एकाच कापडाच्या तंबूत हे थेंब थेट पांघरुणावर पडतात. दोन थरांच्या तंबूत, म्हणजे आत जाळी आणि बाहेर छप्पर असेल तर थेंब जाळीबाहेरून खाली ओघळतात. वजन थोडं वाढतं, पण थंडीत नदीकाठी दव जबर पडतं, तिथे दोन थरच चांगले. हवा खेळायला वरच्या बाजूला झरोका हवा. नदीच्या अगदी काठाला, खोलगट जागेत दव आणि गारठा जास्त. थोडं वर, झाडीच्या आडोशाला तंबू कोरडा राहतो.

तळ आणि जाळी : इथे वजन वाचवू नये

वजन कमी करायच्या नादात काही जण जाळी आणि तळ घरी ठेवतात आणि नुसतं छप्पर नेतात. आपल्याकडे हे धोक्याचं आहे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा बारीक असतो, फारसा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. विंचू, डास यांचं वेगळं सांगायला नको. म्हणून तळ जाळीला शिवलेला हवा, कडा टबासारख्या वीतभर वर आलेल्या हव्यात आणि चेन पूर्ण बंद होणारी हवी. आत-बाहेर करताना चेन दर वेळी लावायची, बूट सकाळी झटकून घालायचे. जाळी-तळाचे तीनशे-चारशे ग्रॅम पाठीवर राहू द्यावेत.

तळाखाली अंथरायला वेगळी महागडी चादर घ्यायची गरज नाही. शेतातला ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर चार फूट रुंद, सात फूट लांब कापला तर ७०-७५ ग्रॅम भरतो. ओल आणि खडे अडवायला तो पुरतो. फाटला तर वाटेत टाकू नये, परत आणावा. तो तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर पावसाचं पाणी धरून तळाखाली नेतो.

खुंट्या आणि जमीन

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या काळ्या मातीत पावसाने सुटतात, आणि मुरमाड जमिनीत वाकतात. तीन धारांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या प्रत्येकी १०-१५ ग्रॅमच्या असतात, त्या घ्याव्यात. कातळावर खुंटी जात नाही. तिथे दोरीच्या फासात आडवी काडी अडकवायची आणि काडीच्या पुढे, तंबूच्या बाजूने, मोठा धोंडा ठेवायचा. दोरी ताणली की काडी धोंड्याला अडते. त्यासाठी जादा दोरी चार-पाच मीटर सोबत असावी.

कुठे तंबू ठोकू नये

चांगला तंबूही चुकीच्या जागी उपयोगाचा नाही. धरणाखालच्या नदीच्या पात्रात, वाळूवर मुक्काम करू नये. वीजनिर्मितीला किंवा आवर्तनाला पाणी सुटलं की कोरडं पात्र थोड्या वेळात भरतं. नर्मदेवर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी मोठी धरणं आहेत. २००५ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेशात धाराजी इथे यात्रेसाठी पात्रात थांबलेली माणसं धरणातून आलेल्या पाण्यात वाहून गेली. पन्नासहून अधिक जीव गेले. पात्रात वाळू कितीही मऊ दिसली तरी झोपायचं ते काठाच्या वर.

एकट्या झाडाखाली आणि उघड्या माथ्यावर परतीच्या पावसाच्या दिवसांत थांबू नये. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. बंद तंबूत चूल, कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवू नये. त्यातून येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शिवाय हे कापड ठिणगीने लगेच वितळतं.

अभयारण्यात आणि राखीव जंगलात वन विभागाची परवानगी लागते. शेत मोकळं दिसलं तरी मालकाला विचारल्याशिवाय तंबू ठोकू नये. गावात शिरताना पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला सांगून ठेवलं तर अडीअडचणीला गाव धावून येतं.

घेताना काय पाहायचं?

वजन दोन प्रकारे लिहितात. 'किमान वजन' म्हणजे खुंट्या, दोऱ्या, पिशवी सोडून. पूर्ण वजन विचारावं. काठीवरच्या तंबूत काठीचं वजन धरलेलं नसतं. तंबू घरी आला की किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघावा.

'दोन माणसांचा' म्हणजे बहुधा दोन माणसं अंगाला अंग लावून. एकट्याने सामानासह झोपायचं असेल तरी लांबी निजणाऱ्याच्या उंचीहून फूटभर जास्त हवी, नाहीतर पाय ओल्या कापडाला टेकतात. मधली उंची मीटरभर असेल तर बसून कपडे बदलता येतात. दोघे मिळून जाणार असतील तर दीड-पावणेदोन किलोचा तंबू दोघांत वाटून न्यावा. एकाने छप्पर, दुसऱ्याने काड्या आणि जाळी घ्यायची, म्हणजे प्रत्येकाला पाऊण-एक किलोच पडतो.

किमतीचं म्हणाल तर एक-सव्वा किलोचा बऱ्यापैकी तंबू साधारण आठ-दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत मिळतो. एवढे पैसे घालण्याआधी ट्रेकचं सामान भाड्याने देणाऱ्याकडून तंबू घेऊन दोन रात्री काढाव्यात. भंडारदरा, पवना अशा भागांत तंबू भाड्याने मिळतातच. परिक्रमेसारख्या, छप्पर मिळणाऱ्या वाटेवर हलकं छप्पर, शिवलेल्या तळाची मच्छरदाणी आणि हातातली काठी यात याहून बऱ्याच कमी खर्चात भागतं.

ऑनलाइन घेतलेला तंबू परत करायची मुदत संपण्याआधीच उघडावा. शिवण, चेन, काड्या, खुंट्यांची संख्या तपासावी. ठेवायचाच असं ठरल्यावर अंगणात उभा करून मोटारीच्या पाइपने वरून आणि चारी बाजूंनी वीस मिनिटं पाणी मारावं. आत वर्तमानपत्र अंथरलं की कुठून थेंब येतो ते लगेच कळतं. अंधारात, बॅटरीच्या उजेडात एकदा उभा करून बघावा. मुक्कामाला पोचायला उशीर होतो तेव्हा हीच सवय कामी येते.

निगा

ओला तंबू घडी करून ठेवला तर त्याला बुरशी लागते आणि पीयू लेप असेल तर तो चिकट होऊन सोलपटतो. घरी आल्यावर सावलीत पूर्ण वाळवून सैल पिशवीत ठेवावा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नये, साध्या पाण्याने पुसावा. दिवसा उन्हात उभा ठेवू नये, ऊन कापड कुजवतं. धान्याच्या कोठीजवळ ठेवला तर उंदीर कुरतडतात, म्हणून पत्र्याच्या पेटीत किंवा उंचावर टांगून ठेवावा. एवढी काळजी घेतली तर एकच तंबू अनेक वर्षं पुरतो, आणि घरातल्या एकाची परिक्रमा झाली की तोच तंबू दुसऱ्याच्या पाठीवर जातो.